बूमवरची तडतड : एका लघुचित्रपटाच्या लोकेशन साउंडच्या नोंदी

४ डिसेंबर – रेकी

नदीकाठचं घर पाहून आले. चित्रपटाचा बहुतेक भाग इथेच घडतो : आतली मोठी खोली, पुढची पडवी आणि काठावरची पायवाट. दिग्दर्शकाला संवाद डब करायचे नाहीत. नट जिथे बोलले तिथलाच आवाज पडद्यावर हवा, ही त्याची पहिली अट आहे आणि मला ती मनापासून पटते. म्हणूनच या जागेत काय जमणार नाही, ते आताच बोलून घेणं भाग आहे.

खोलीत दगडी फरशी, उघड्या भिंती, उंच छत. मधोमध उभं राहून टाळी वाजवली की आवाज बराच वेळ घुमतो, आणि समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये तो आपटत राहिल्यामुळे शेवटी एक पत्र्यासारखी झिणझिण ऐकू येते. कला विभागाला सांगितलं : फ्रेमच्या बाहेरची फरशी आणि एक भिंत जाड रजयांनी झाकायची. दोन्ही भिंती झाकायला मिळाल्या तर उत्तम, पण एक झाकली तरी झिणझिण मोडते.

खोलीत शॉटगन (लांब नळीचा, मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा माइक) वापरणार नाही, हे आजच ठरवलं. शॉटगनच्या नळीत बाजूने येणारा आवाज फटींमधून वेगवेगळं अंतर कापून माइकच्या आतल्या पडद्यापर्यंत पोचतो, त्यामुळे लाटा एकमेकींना खोडतात आणि बाजूचा आवाज दबतो. पण हे फक्त वरच्या पट्टीत घडतं. वीत-सव्वा वीत लांबीच्या नळीला साधारण १-२ किलोहर्ट्झच्या खाली काही करता येत नाही; तिथे तो माइक नुसता सुपरकार्डिऑइड (समोरचा आवाज जास्त, बाजूचा कमी घेणारा) असतो. मोकळ्या जागेत याने बिघडत नाही. बंद खोलीत मात्र तोच संवाद छतावरून, भिंतींवरून परतून बाजूने नळीत शिरतो, त्याची वरची पट्टी कापली जाते आणि खालची तशीच उरते. नटाने मान वळवली की आवाजाचा पोत बदलतो. संकलनात असे दोन शॉट जोडले की सांधा लगेच कानाला लागतो. म्हणून आत छोटा सुपरकार्डिऑइड, बाहेर शॉटगन.

७ डिसेंबर – रेकॉर्डर

दोन पर्याय समोर होते, साउंड डिव्हायसेसचा मिक्सप्री-६ दुसरी आवृत्ती आणि झूमचा एफ६. दोन्ही ३२-बिट फ्लोटमध्ये (अगदी हळू ते अगदी मोठा आवाज मावणाऱ्या स्वरूपात) रेकॉर्ड करतात. मला बूम (दांड्यावरचे माइक) दोन आणि लेपल (कपड्यात लावायचे बारीक माइक) तीन, म्हणजे पाच एक्सएलआर (माइकच्या तीन पिनी जोडण्या) हवेत. मिक्सप्रीत चार आहेत, एफ६ मध्ये सहा. एफ६ ची बटणं अगदी बारीक आहेत, चालू टेकमध्ये हाताने मिक्स करायला ती आवडत नाहीत. पण इथे संकलक सुटे ट्रॅकच वापरणार, त्यामुळे इनपुटच्या संख्येला झुकतं माप दिलं.

निर्मात्याने विचारलं, ‘प्रीअँप अजून भारीतला घ्यायचा का?’ प्रीअँप म्हणजे माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारं सर्किट. कागदावर हिशोब करून दाखवला. सेन्हायझर एमकेएच ४१६ ची संवेदनशीलता २५ मिलिव्होल्ट प्रति पास्कल आहे, म्हणजे ९४ डीबीच्या (एक पास्कलच्या) आवाजाला उणे ३० डीबीयूच्या (तारेवरच्या व्होल्टेजचं माप) आसपास. माइकचा स्वतःचा खरखराट १३ डीबी-ए. तो ९४ च्या ८१ डीबी खाली, म्हणजे तारेवर उणे १११ डीबीयूच्या जवळ बसतो. आजच्या चांगल्या प्रीअँपचा खरखराट उणे १२७ च्या आसपास असतो. तब्बल १६ डीबी खाली. दोघांची बेरीज केली तर एकूण खरखराट वाढतो तो डीबीच्या दहाव्या भागाइतका. तो कुणालाच ऐकू येणार नाही. अशा जोरकस माइकमागे महागडा प्रीअँप लावण्यापेक्षा तेच पैसे माइकवर, वाऱ्याच्या आवरणावर आणि केबलवर घालवावेत. डायनॅमिक माइक मिलिव्होल्टच्या घरातच सिग्नल देतो, तिथे मात्र प्रीअँपला महत्त्व येतं. आपण तो वापरत नाही आहोत.

३२-बिट फ्लोटबद्दल सगळ्यांना एकदा नीट सांगून ठेवलं. त्यात रेकॉर्डरची पातळी चुकली तरी नंतर खाली आणता येते, हे खरं. पण माइकच्या आतलाच अँप किंचाळीने फुटला, किंवा लेपलच्या बिनतारी ट्रान्समीटरचं गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) जास्त असल्यामुळे आवाज तिथेच चिरला, तर रेकॉर्डरपर्यंत येतो तो चिरलेलाच आवाज. तो कितीही बिट्समध्ये साठवला तरी सरळ होत नाही. लेपलचं गेन नटाच्या सगळ्यात मोठ्या ओरडण्यावर लावायचं, सरावाच्या आवाजावर नाही. सरावात बहुतेक नट आवाज राखून बोलतात.

११ डिसेंबर – केबल

सगळ्या एक्सएलआर केबल एकेक करून तपासल्या. पद्धत जुनीच : माइक जोडायचा, फँटम (केबलमधूनच माइकला जाणारा वीजपुरवठा) चालू, हेडफोन कानाला, आणि कनेक्टरजवळची केबल दोन बोटांत धरून सगळ्या बाजूंनी वाकवायची. मीटरकडे बघून हे कळत नाही. फँटम चालू असतानाच हे करायचं, कारण ४८ व्होल्ट असताना सैल जोडाचा आवाज मोठ्याने फुटतो. नुसत्या मल्टिमीटरच्या तपासात तोच जोड साळसूद दिसतो.

दोन केबल बाजूला काढल्या. एकीत पिन ३ चा, म्हणजे सिग्नलच्या दोन तारांपैकी एकीचा, सांधा तुटलेला. आवाज येतच होता, म्हणून ती आजवर पेटीत राहिली असावी. पण एक बाजू गेली की बॅलन्स जातो, आणि दोन्ही तारांवर सारखाच शिरलेला गोंगाट एकमेकांना खोडेनासा होतो. दुसरीचं शील्ड (तारांभोवतीची धातूची जाळी) कनेक्टरपाशी केसासारखं एका धाग्यावर लोंबत होतं.

मोबाइल शेजारी ठेवूनही चाचणी घेतली. टू-जी फोन दर ४.६ मिलिसेकंदांनी एकदा प्रक्षेपण करतो, म्हणजे सेकंदाला सुमारे २१७ वेळा, आणि तीच ‘टर्र-टर्र’ ऑडिओत उतरते. केबलचं शील्ड यंत्रात शिरताना थेट धातूच्या खोक्याला जोडलेलं असेल तर असा गोंगाट बाहेरच राहतो. ते आधी आतल्या सर्किटवर जात असेल तर गोंगाटही आत जातो. नील मन्सी यांनी १९९५ साली ‘पिन १’चा, म्हणजे शील्डच्या पिनचा, हा प्रश्न सविस्तर मांडला आणि पुढे त्यावरून मानकही आलं, तरी बाजारात चुकीची जोडणी अजून भेटते. आपल्या साखळीत फक्त एका जुन्या अडॅप्टरवर टर्र-टर्र आली. तो पेटीतून काढला. सेटवर फोन एअरप्लेनवर, हा नियम तरीही राहील.

१६ डिसेंबर – आतली खोली, गुणगुण

शूटिंग सुरू झालं. पहिल्या सेटअपला सगळ्याच ट्रॅकवर एक सारखी, खालची गुणगुण.

सगळ्या ट्रॅकवर असल्यामुळे एखाद्या माइकचा प्रश्न नव्हता. आवाज गोल आणि जड, म्हणजे घरच्या विजेचा, ५० हर्ट्झचा. डिमर किंवा दिव्यांच्या पॉवर सप्लायमुळे आला असता तर त्यात १०० आणि त्यावरच्या कंप्रता मिसळून तो भणभणीत, धारदार झाला असता. रेकॉर्डरमधून कॅमेऱ्याकडे जाणारी केबल काढली. गुणगुण बंद. रेकॉर्डर भिंतीच्या प्लगवर, कॅमेराही दुसऱ्या भिंतीच्या प्लगवर, आणि दोघांना जोडणारं शील्ड : अर्थिंगच्या तारांचं वर्तुळ पूर्ण. रेकॉर्डर बॅटरीवर घेतला, केबल परत लावली, शांत. दुपारी कॅमेऱ्याच्या ओळीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरही (तारा थेट न जोडता सिग्नल पुढे देणारा) बसवला, म्हणजे पुढे कुणी रेकॉर्डर प्लगला लावला तरी वर्तुळ जुळणार नाही.

१७ डिसेंबर – बूम आणि लेपल एकत्र

संकलकाने पहिल्या दिवसाचा आवाज ऐकला. त्याचं म्हणणं : बूम वेगळा ऐकला तर छान, लेपल वेगळा ऐकला तरी ठीक, दोन्ही एकत्र केले की नट डब्यात बोलल्यासारखा वाटतो.

हे होणारच. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो. लेपल छातीवर, बूम तोंडापासून हातभर लांब, म्हणजे बूमला तोच शब्द मिलिसेकंदभर उशिरा पोचतो. त्यात डिजिटल वायरलेसचा स्वतःचा दोन-चार मिलिसेकंदांचा उशीर लेपलच्या बाजूला पडतो. दोन प्रती किंचित मागेपुढे वाजल्या की ठरावीक अंतरांवरच्या कंप्रता खोडल्या जातात. नट हलतो तसं अंतर बदलतं, त्यामुळे एकदा सरकवून कायमचं जुळत नाही. संकलकाशी ठरलं : एका वेळी एकच माइक पुढे, दुसरा राखीव. बूम चांगला असेल तिथे बूमच. साउंड रिपोर्टवर प्रत्येक टेकसमोर कोणता ट्रॅक पुढे, ते लिहून देते आहे.

लेपलबद्दल एक गोष्ट. नायिकेच्या कृत्रिम धाग्याच्या कपड्याची सळसळ माइकवर घासून येत होती, असा सगळ्यांचा समज. माइक दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का केला तरी ती गेली नाही. मग कान लावून ऐकलं तर घासत होती माइकची वायर. माइकच्या खाली वायरचा एक छोटा वेढा करून तो अंगाला वेगळा चिकटवला, त्यामुळे वायरवरचं खेचणं माइकपर्यंत पोचेना. सळसळ जवळजवळ थांबली. उरलेला आवाज कपड्यावर कपडा घासल्याचा आहे; त्याला वेशभूषा बदलणं हाच उपाय, आणि ती बदलायला दिग्दर्शक तयार आहे.

१९ डिसेंबर – पडवी, पहाट

पहाटेचा प्रसंग. पडवीत दोघं बसलेली, समोर नदी, धुकं पाण्यावर उतरलेलं. डोक्यावर छप्पर असल्यामुळे आतल्या खोलीतलाच छोटा सुपरकार्डिऑइड झेपेलिनमध्ये (वारा अडवणाऱ्या पिंजऱ्यात) घालून बूमवर दिला. सरावात आवाज स्वच्छ. पहिल्या टेकच्या मध्यावर एक बारीक ‘टक’. मग आणखी दोन. पुढच्या टेकला सलग तडतड, तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी, आणि तिच्याखाली अधूनमधून एक जड धप्पा.

बूम ऑपरेटर म्हणाला, ‘ताई, माझा हात नाही हलला.’ त्याचा हात नव्हताच. हाताचा आवाज दांड्याच्या हालचालीबरोबर येतो आणि तो खालच्या पट्टीतला, बोजड असतो. ही तडतड शांततेतही चालू होती. तरी खात्री हवी म्हणून दांडा स्टँडवर टेकवला आणि सगळ्यांना दूर व्हायला सांगितलं. तडतड तशीच.

अशा वेळी साखळी मधोमध कापायची आणि दोष कोणत्या अर्ध्या भागात आहे ते पाहायचं. बूमची केबल पहिल्या इनपुटवरून काढून चौथ्यावर लावली. तडतड चौथ्यावर आली, म्हणजे रेकॉर्डरचं इनपुट सुटलं. मग त्याच केबलच्या टोकाला राखीव शॉटगन लावली. स्वच्छ. म्हणजे केबल, दांड्यातली वायर, कनेक्टर आणि फँटम हे सगळं एका फटक्यात निर्दोष ठरलं. शेवटी तडतडणारा माइक छोट्या केबलने थेट रेकॉर्डरला : तडतड. दोष माइकमध्येच. या क्रमाला जेमतेम पाच मिनिटं लागतात. घाईत एकाच वेळी केबल आणि माइक दोन्ही बदलले असते तर आवाज सुटला असता, पण काय बिघडलं होतं ते कळलं नसतं, आणि दोषी वस्तू पुन्हा पेटीत गेली असती.

टॉर्च लावून पाहिलं. माइकच्या जाळीवर धुरकट थर होता. बोटाने पुसला तर बोट ओलं झालं. पेटी रात्रभर एसी लावलेल्या खोलीत होती. गार धातू दमट हवेत आला आणि त्यावर दव धरलं, आत कॅप्सूलवरही, म्हणजे आवाज टिपणाऱ्या भागावरही.

दव धरल्यावर तडतड का होते, ते सहायकाला आकड्यांत सांगितलं, इथेही लिहून ठेवते. साध्या कंडेन्सर माइकच्या कॅप्सूलची धारिता (वीजभार साठवण्याची क्षमता) काही दहा पिकोफॅरडच असते. ३० धरू. २० हर्ट्झला अशा कॅप्सूलचा अवरोध २६५ मेगाओहम भरतो. हा वीजभार सांभाळून ठेवायचा तर मागचे रेझिस्टर गिगाओहमच्या घरातले लागतात आणि कॅप्सूलची इन्सुलेशनही तितकीच कोरडी, निर्मळ असावी लागते. तिच्यावर ओलाव्याचा पातळ थर आला की भार तिथून गळतो, झटक्याझटक्याने. तीच ही तडतड. सेन्हायझरच्या एमकेएच मालिकेत रचना वेगळी आहे : कॅप्सूल ८ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या सर्किटचा भाग असते. तेवढ्या कंप्रतेला त्याच ३० पिकोफॅरडचा अवरोध फक्त ६६० ओहमच्या जवळ येतो. दवाचा थर शेजारी काही मेगाओहमची वाट उघडत असेलही, ६६० ओहमला तिचा फरक पडत नाही. दमट जागी लोक या मालिकेवर भरवसा ठेवतात तो यामुळे.

पण प्रसंग आज, याच उजेडात संपवायचा होता. हाताशी एमकेएच ४१६, आणि डोक्यावर छप्पर. तडतडीने टेक मरतो, पोत थोडा बदलल्याने मरत नाही. शॉटगन घेतली. छायालेखकाला विनंती केली, त्याने फ्रेमची वरची कड चार बोटं खाली आणली. ही चार बोटं फार मोलाची : माइक छपरापासून लांब गेला, तोंडाच्या जवळ आला, आणि सरळ येणाऱ्या आवाजापुढे परतणारा आवाज मागे पडला. दोन टेक उत्तम मिळाले. दुसऱ्यातली तिची शेवटची ओळ, जवळजवळ श्वासात बोललेली, मागे पाण्याचा आवाज. डबिंगमध्ये हे मिळालं नसतं.

२० डिसेंबर

कालचा माइक रात्रभर सिलिका जेलच्या बंद डब्यात होता. हेअर ड्रायरची सूचना दोघांनी केली; नाही म्हटलं. गरम झोताने पडदा ताणला जाऊ शकतो आणि झोताबरोबर धूळही आत जाते. ओलावा हळू निघू द्यायचा. सकाळी घरात ऐकला, स्वच्छ.

मग कारण खरंच तेच आहे का ते तपासलं. कोरडा माइक हवाबंद पिशवीत घालून पहाटे पडवीत नेला, पिशवी न उघडता बाहेरच्या तापमानाला येऊ दिला, मग उघडला. तडतड नाही. यापुढे माइकच्या पेट्या एसीच्या खोलीत ठेवायच्या नाहीत, आणि ठेवल्याच तर पिशवी उघडायची घाई करायची नाही.

तरी पहाटेचे उरलेले प्रसंग या माइकवर सोडणार नाही. धुकं तासन्‌तास टिकतं, आणि हवाच संपृक्त झाली तर नुसतं तापमान जुळवून भागत नाही. एमकेएच ५० भाड्याने मागवला : त्याच आरएफ (उच्च कंप्रतेच्या) रचनेचा, सुपरकार्डिऑइड, लांब नळी नाही. छपराखाली आणि दवात, दोन्हीकडे चालणारा. आतल्या खोलीला पहिला माइकच राहील, कारण त्या दोन नटांच्या आवाजाला त्याचा मऊपणा जास्त शोभतो. कागदावरचे आकडे दोघांचेही चांगले आहेत. निवड दवाने केली.

२२ डिसेंबर – वायरलेस

तिसऱ्या लेपलवर ‘फस्स’ असा आवाज, तोही तिघे नट जवळ आल्यावरच. एकेकटा ट्रान्समीटर चालू केला तर सगळे ठणठणीत. म्हणजे बॅटरी, वायर, अँटेना यांचा दोष नाही. ते एकमेकांना त्रास देत होते.

भाड्याच्या संचावर वारंवारिता अशा लावलेल्या : ५२०.०, ५२०.६ आणि ५२१.२ मेगाहर्ट्झ. सारख्या अंतरावर, दिसायला नीटनेटक्या. दोन ट्रान्समीटर जवळ आले की त्यांच्या मिश्रणातून नवीन वारंवारिता तयार होतात, आणि त्यातली सगळ्यात त्रासदायक म्हणजे एकीची दुप्पट वजा दुसरी. ५२०.६ ची दुप्पट वजा ५२०.० म्हणजे बरोबर ५२१.२. तिसऱ्या लेपलच्या डोक्यावरच. तिसरा ५२१.८ वर नेला. पुन्हा सगळ्या जोड्या आणि तिन्हींची मिश्रणं कागदावर काढली. एकही आपल्या तीन आकड्यांवर पडत नाही. फस्स गेलं. हा पट्टा इथे वापरायला खुला आहे का, ते परवानगीच्या नियमांत आधीच पाहिलं होतं. दर ठिकाणी ते वेगळे असतात.

जाता जाता : एका नटाने ट्रान्समीटर पाठीला घट्ट बांधला होता, अँटेना दुमडून कातडीला टेकलेली. ५२० मेगाहर्ट्झला पाव लांबीची अँटेना साडेचौदा सेंटीमीटरच्या आसपास भरते. ती सरळ आणि अंगापासून थोडी सुटी राहायला हवी. घामट शरीर बराचसा सिग्नल गिळतं. अस्तरात छोटी खोळ शिवून घेतली.

२४ डिसेंबर – पायवाट

वारा. फरचं आवरण दवाने ओलं झालं तर ते वारा अडवत नाही, केस एकमेकांना चिकटतात. झटकून, ब्रशने विंचरून वाळवलं. लो कट (खालची पट्टी कापणारा फिल्टर) साखळीत शक्य तितक्या आधी चालू केला, कारण वाऱ्याचा जोर खालच्या पट्टीत असतो आणि तो पुढच्या टप्प्यांना कोंडी करतो. नंतर संगणकावर कापून चिरलेला संवाद परत मिळत नाही.

२७ डिसेंबर – टाइमकोड

संकलकाचा निरोप : लांब टेकच्या शेवटी ओठ आणि आवाज सुटतात. किती सुटतात ते आधी विचारलं, कारण निदान त्या आकड्यातच असतं. तासाला साडेतीन सेकंदांहून थोडं जास्त सुटलं असतं, तर कुठेतरी २४ आणि २३.९७६ फ्रेमची गल्लत, ०.१ टक्क्याचा तो फरक तासाला ३.६ सेकंद भरतो. इथे अर्ध्या तासाच्या टेकला एक फ्रेम. २५ फ्रेमला एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे तासाला ८०, म्हणजे सुमारे २२ पीपीएम (दहा लाखांत २२). हे घड्याळांचं सरकणं आहे. दुसऱ्या कॅमेऱ्याला सकाळी एकदाच टाइमकोड (चित्र आणि आवाज जुळवायला दोन्हींवर उमटणारी वेळ) देऊन केबल काढून घेत होते. पुढे तो आपल्या घड्याळाच्या साध्या स्फटिकावर चालत होता. आता त्याच्यावर टाइमकोडची डबी दिवसभर बसून राहील. पण टाइमकोड लागला तरी टेकची सुरुवातच जुळते, आतल्या सॅम्पलचं घड्याळ वेगळंच धावत असतं. म्हणून लांब टेकला शेवटीही क्लॅप द्यायचा, असं सहायक दिग्दर्शकाशी ठरवलं.

२९ डिसेंबर

खोली, पडवी आणि पायवाट, तिन्हींचा रूम टोन (संवादाशिवाय त्या जागेचा आवाज) घेतला, प्रत्येकी मिनिटभर, दिवे आणि माणसं जागच्या जागी ठेवून. माणसं बाहेर काढून घेतलेला टोन जुळत नाही. अंगावरचे कपडेही आवाज शोषतात. पडवीतल्या पहिल्या टेकमध्ये तडतडीने खाल्लेल्या ओळी वाइल्ड (कॅमेऱ्याशिवाय) घेतल्या, त्याच जागी, एमकेएच ५० वर, नटांच्या कानात मूळ टेक वाजवून.

कार्डांच्या दोन प्रती झाल्या, चेकसम (प्रत मुळाबरहुकूम आहे का ते सांगणारे आकडे) जुळले. ४८ किलोहर्ट्झच्या ३२-बिट फ्लोटमध्ये एक ट्रॅक तासाला ६९१ एमबी घेतो. सहा ट्रॅक आणि स्टिरिओ मिक्स मिळून पाऊण तासाच्या आसपास फाइलची ४ जीबीची मर्यादा ओलांडली जाते आणि फाइल तुटते. लांब मुलाखतीच्या दोन टेकमध्ये असे सांधे आहेत, ते रिपोर्टमध्ये लिहिले. संकलकाने तुकडे टाइमकोडने जोडायचे आहेत, नावाने नाही.

पुढचं सत्र गाडीतलं. मागच्या सीटवर रेकॉर्डर, पुढच्या दोघांसाठी छताच्या अस्तराला एकेक छोटा माइक, लेपल राखीव. काचा बंद ठेवून इंजिन चालू असतानाची चाचणी गाडी ठरण्याआधीच घ्यायची आहे. निर्मात्याला तसं कळवलं.